गाडीभोवतीची फेरी

आमचे साहेब राजकारणात येण्याआधी विमान चालवायचे. मी त्यांच्या जीपवर ड्रायव्हर. कोपरगावात सभा असो की राजूरला लग्न, बसण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, चारी चाकांना हात लावायचे, वाकून खाली बघायचे. म्हणायचे, “विमान काय सांगायचं ते जमिनीवरच सांगतं रे. वर गेल्यावर ऐकून उपयोग नसतो.” एकदा पुढच्या टायरला गेलेली चीर त्यांनाच दिसली होती, मला नाही.

गावोगावच्या बायकांचा मात्र समज झाला, की साहेब गाडीला प्रदक्षिणा घालतात. एकीने तर बॉनेटला कुंकू लावलं. साहेब हसले, कुंकवाला धक्का न लावता फेरी पूर्ण केली.

निवडणुकीत विरोधकांनी त्यावरच भाषणं ठोकली. कार्यकर्ते माझ्या मागे लागले, “तूच सांग. तुझं ऐकत्यात.”

मी सांगितलं. “साहेब, लोक हसत्यात. फेरी न्हाई मारली तर न्हाई का चालायचं?”

त्यांचा हात मागच्या चाकावर होता. तो त्यांनी रुमालाला पुसला, “बरं,” म्हणाले आणि आत बसले. निवडणूक जिंकले. फेरी पुन्हा कधी मारली नाही.

आता निघण्याआधी मीच मारतो. परवा वाकून टायर बघत होतो, तर साहेबांनी काच खाली केली, कानाचा मोबाईल बाजूला धरला आणि विचारलं,

“काय रे, काय हरवलं?”