पाच डब्यांच्या मधली खुर्ची

टिकारामभाऊंना कुणी ‘साउंडवाले’ म्हटलं की ते लगेच दुरुस्त करतात. “आवाजवाले म्हणा जी. साउंडवाले ते डीजेचे पोट्टे.”

साकोलीच्या बसस्टँडमागे त्यांचं टिनाचं दुकान आहे. आत स्पीकरचे काळे डबे एकावर एक रचलेले, भिंतीला जुने कर्ण्याचे पोंगे टांगलेले आणि दारात स्वतः टिकारामभाऊ, तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळवत. लग्न असो, तेरवी असो, आमची चौदा एप्रिलची मिरवणूक असो, त्यांना निरोप गेल्याशिवाय चालत नाही. पण त्यांचा जीव खरा नाटकात. दिवाळी सरली, धान कापून झालं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. मांडव उभा राहतो, बायामाणसं घरून पोती आणून अंथरतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. नटाच्या तोंडचा शब्द त्या शेवटच्या पोत्यापर्यंत पोचवायचा, हे टिकारामभाऊंचं काम.

“समोर पाटलाले जसं ऐकू येते, तसंच मागं लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईले आलं पाह्यजे. आवाजात लहानमोठं नाही,” असं ते म्हणत, आणि नुसतं म्हणत नसत. दुपारी मांडव उभा राहिला की मागच्या कनातीला टेकून उभे राहायचे, रंगमंचावरून कुणाला तरी बोलायला लावायचे आणि मनासारखं होईपर्यंत डबे हलवत राहायचे.

असा माणूस, आणि त्याच्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. सिहोऱ्याच्या नाटकात माइकनं शिट्टी धरली. कानात दाभण खुपसावं तशी ती शिट्टी. लोकांनी कानांवर हात ठेवले, नायिका संवाद विसरली, आणि टिकारामभाऊ मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचा आवाज जिथून कमीजास्त करतात त्या पेटीवर, शांत बसून! शेवटी त्यांच्या पोरीनं धावत जाऊन खटका खाली ओढला. नाटक मंडळीचे मालक कृष्णराव तेव्हा नायिकेला सावरायला विंगेत धावले. नंतर चहाच्या टपरीवर मात्र म्हणाले, “टिकाराम थकला. पुन्हा असं झालं तं पुढच्या हंगामाले नागपूरचा साउंड लावू.” हे साऱ्या साकोलीला ठाऊक होतं. टिकारामभाऊंच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, एवढंच. नाटकाचा हंगाम गेला तर तो माणूस दुकानात बसून नुसता वाळला असता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची पोरगी रिता. बी.एस्सी. झालेली, दहावीपासून बापाबरोबर वायरींची भेंडोळी वाहणारी. डबे उचलायला ती चाले, मिक्सरवर बसायला नाही. “तिथं पोरगी बसवली तं लोकं नाटक पाहतील का तिले पाहतील?” असं म्हणून टिकारामभाऊ विषय संपवत. रिता माझ्या मुलीची, रुचिताची मैत्रीण, त्यामुळे आमच्याकडे तिचं येणंजाणं. बापलेक कधी एकत्र चहाला आले की मी पाहत असे, रिता कप उचलून उठायची आणि फिरून त्यांच्या डाव्या हाताला बसायची. मी डावीकडून काही विचारलं की ती त्यांच्यासमोर वाकून, सहज बोलल्यासारखं म्हणायची, “बाबूजी, काकू विचारून राहिल्या, साखर चालते का?” आणि लांब असली की बोट वर, तळवा खाली, अशा खुणा. मला वाटे, धंद्याची सवय असेल.

रुचिता पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला लागली ती कायमची घरीच राहिली. येताना तिनं आपला गेम खेळायचा संगणक आणला होता. आत लाल-निळे दिवे, जणू गणपतीची आरास. तिच्या बाबांनी पंधरा-सोळा वर्षांमागे नागपूरहून हौसेनं आणलेला रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून वाटून देणारी पेटी, आणि त्याचे पाच स्पीकर, शिवाय दणका देणारा एक मोठा डबा, असं सारं सज्ज्यावर धूळ खात होतं. रुचितानं ठरवलं, संगणकाचा आवाज त्यातून काढायचा. आणि मी ठरवलं, टिकारामभाऊंना बोलवायचं.

ते आले, रिताही आली. त्यांनी रिसीव्हर असा पुसला, जणू वासराला चोळतायत. खोली पाहिली, आणि डबे खिडकीत, दारात, बाहेर तोंड करून मांडायला घेतले.

“काका, बाहेर कुणाला ऐकवायचं आहे?” रुचिता हसली. “ऐकणारी मी एकटी. मधे बसणार.”

“एकटी?” त्यांनी अंगणाकडे पाहिलं. “मंग पाच डबे कायले बाप्पा?”

तरी डबे आत वळले. तीन समोर, दोन पाठीमागे, मध्ये आमची लाकडी खुर्ची. संगणकाच्या ज्या भोकात कानाचे हेडफोन लावतात तिथून त्यांनी एक वायर काढली, तिचं लाल-पांढरं टोक रिसीव्हरला खोचलं. समोरचे दोनच डबे बोलले. बाकीचे मुके. टिकारामभाऊ रिसीव्हरची एकेक कळ दाबत गेले आणि एका कळीवर पाचही डबे एकदम वाजले. त्यांचा चेहरा उजळला.

“घ्या! पाचही सारखे. कुठंही बसा, एकच आवाज.”

रुचितानं गेम सुरू केला. त्यात दाट जंगल आणि मागून चालून येणारे शत्रू. ती दोनदा मेली.

“काका, पाऊल माझ्या मागे पडतंय, आणि आवाज पाचही डब्यांतून येतोय. तो कुठून येतोय ते मला कळायला पाहिजे ना.”

“आवाज सारखा आला, तं तक्रार काय?” टिकारामभाऊंना खरंच कळेना. सगळ्यांना सारखं ऐकू यावं म्हणून ज्यानं हयात घालवली, त्याला ही पोरगी म्हणत होती की डबे सारखे बोलता कामा नयेत.

रिता म्हणाली, “बाबूजी, त्या भोकातून दोनच बाजूंचा आवाज निघते. कळीनं तोच पाचांत वाटला.” मग दोघी पोरी संगणकाच्या मागे शिरल्या. चित्राची जी वायर टीव्हीला जाते तशीच एक त्यांनी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डातून काढून रिसीव्हरला जोडली. त्या एका वायरीतून पाचही डब्यांचे वेगवेगळे आवाज जातात म्हणे. पण संगणकाला सांगावं लागतं, बाबा रे, तुझ्यासमोर दोन नाहीत, पाच आहेत. ते सांगितल्यावर पडद्यावर खोलीचं चित्र आलं. ज्या डब्यावर टिचकी माराल तो एकटा वाजतो.

“बसा काका, तपासा,” रुचिता म्हणाली. “तुमच्याशिवाय पास नाही.”

टिकारामभाऊ खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. रुचितानं मागच्या डाव्या डब्यावर टिचकी मारली. खर्रर्र असा आवाज आला.

त्यांनी रिताकडे पाहिलं. मी पण पाहिलं. तिच्या उजव्या हाताचं बोट उठलं, अर्ध्यावर थांबलं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या क्षणी मला इतक्या दिवसांच्या खुणांचा अर्थ लागला.

“उजवीकडून,” टिकारामभाऊ म्हणाले.

रुचितानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, चालू दे. तिनं समोरचा डावा वाजवला.

“हा बी उजवीकडून. बाई, तुमचं मशीनच बिघडलं दिसते.”

‘हो, जुनंच आहे ते,’ असं म्हणणं सोपं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं.

“मशीन चांगलं आहे, बाबूजी,” रिता म्हणाली.

त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग उठले, खुर्ची उचलून उलट्या तोंडानं ठेवली, पडद्याकडे पाठ करून बसले. “लाव तोच.” आवाज आला. “उजवीकडून,” म्हणाले, आणि मग स्वतःशीच, हळू, “मी फिरलो, तं आवाज बी माह्यासंगं फिरला?” त्यांनी उजव्या कानात बोट घातलं. “लाव.”

रुचितानं लावला.

“लाव ना पोरी.”

“लावलाय, काका,” ती म्हणाली. ते तिच्या ओठांकडे बघत होते. डबा वाजतच होता.

मी जाऊन बटण बंद केलं. त्यांनी बोट काढलं.

“कधीपासून?” त्यांनी रिताला विचारलं, जणू दुखणं तिचं होतं.

“सिहोऱ्याच्या आधीपासून.”

“अन् तू बोलली काहून नाही?”

“बोलली असती तं मले डावीकडं बसू देलं असतं का तुमी? आपल्या पोरीले मिक्सरजवळ उभं करत नाही, अन् कान म्हणून बरं चालते!”

एवढं टोचून कुणी टिकारामभाऊंना बोललेलं मी ऐकलं नव्हतं. वाटलं, आता उठून जातील. ते गेले नाहीत. खुर्चीतच बसून त्यांनी पाचही डब्यांवरून एकदा नजर फिरवली.

“मागच्या पोत्यावरच्या बाईची मी जिंदगीभर काळजी केली,” ते म्हणाले. “अन् मीच जाऊन बसलो तिथं, मले पत्ताच नाही.”

चहा झाला. रिता सवयीनं डावीकडे बसायला गेली, तर त्यांनी तिला हात धरून उजवीकडे ओढलं. “इकडं बस. तुह्यं मले ऐकू आलं पाह्यजे.”

नंतर भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस गेली, उजव्यालाही शिट्टीसारखे तीक्ष्ण आवाज नीट पोचत नाहीत, तो तरी जपा. डब्यांजवळ बसणं बंद.

दिवाळीनंतर मी लाखांदूरला नणंदेकडे गेले होते. गावात नाटक होतं, म्हणून दुपारीच मांडवात डोकावले. मिक्सरवर रिता. कृष्णराव शेजारी उभे, चेहरा आंबट.

“टिकाराम, लोकं काय म्हणतील? मिक्सरवर पोरगी?”

“माहा एक कान गेला, मालक,” टिकारामभाऊ सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले. “तिचे दोनी चांगले आहेत. आज शिट्टी झाली तं उद्या नागपूरचा लावा, मीच डबे उतरवून देतो.”

कृष्णरावांनी मान फिरवली. पण गेले नाहीत.

टिकारामभाऊ नेहमीसारखे चालत मागच्या कनातीपर्यंत गेले. रितानं माइकात म्हटलं, “बाबूजी, मागं येते का?” ते उत्तर देणार, इतक्यात थांबले. खाली एक म्हातारी दुपारपासूनच पोतं टाकून जागा धरून बसली होती. ते तिच्यापाशी वाकले, उजवा कान पुढे करून.

“आजी, ऐकू येऊन राहिलं का?”

“येऊन राहिलं ना बाप्पा! बहिरी हाय का मी? एवढी कायले वरडते ते पोरगी?”

टिकारामभाऊ उभे राहिले. हात उंच केला आणि तळवा हळूच खाली नेला. तिकडे रितानं खटका थोडा ओढला.