कच्चा सांधा

ज्या माणसानं माझं नाव खोडलं, त्याचेच आभार मानायची पाळी माझ्यावर आली. पालमला आमच्या कॉलेजात विज्ञानाचा कार्यक्रम होता आणि पाहुणे म्हणून माझे पीएचडीचे गाइड येणार होते. प्राचार्य म्हणाले, तुमी त्यांच्या विद्यार्थिनी, तवा आभार तुमीच माना. मी लगेच हो म्हटलं. इतकी चांगली संधी मला आजवर कुणी दिली नव्हती.

धातूच्या पट्टीतून वीज सोडली आणि चुंबक धरला, की आडव्या बाजूलाही थोडं व्होल्टेज येतं. हा हॉल इफेक्ट. प्रवाह उलटा केला की तेही उलटतं. पण टोपोलॉजिकल सेमीमेटल नावाच्या काही खास स्फटिकांत चुंबकाशिवायच आडवं व्होल्टेज येतं, आणि प्रवाह उलटवला तरी ते उलटत नाही. त्याला नॉनलिनियर हॉल इफेक्ट म्हणतात. असा एक स्फटिक मी भट्टीत वाढवला, केसासारख्या तारा चांदीच्या लेपानं चिकटवल्या आणि तसंच व्होल्टेज, म्हणजे आमचा सिग्नल, आला. पेपर छापून आला तेव्हा माझ्या जागी सरांच्या जावयाचं नाव होतं.

मी भांडले. ते म्हणाले, खेड्यातून आलीस, डिग्री घे आणि गप जा. घेतली. पण निघायच्या आधी तो स्फटिक पुन्हा मोजला. तारेचा एक सांधा कच्चा निघाला. तो पुसून नवा लेप लावला, तर सिग्नल गायब. कच्चा सांधा तापत होता, व्होल्टेज त्या उष्णतेचंच होतं, आणि तापण्याला प्रवाह उलटा काय, सुलटा काय, सारखंच. मी कुणाला एक अक्षर बोलले न्हाई. म्हटलं, मिरव म्हाताऱ्या, जेवढा वर चढशील तेवढा जोरात आपटशील.

कार्यक्रमात सरांनी त्या पेपरातला माझ्या सिग्नलचाच आलेख दाखवला. स्लाइड सरकवायला आताची विद्यार्थिनी सोबत आणली होती. माइकवरून हसत म्हणाले, हिला चार वर्षांत हा सिग्नल एकदाही मिळाला नाही, हिच्या हाताला गुणच नाही. सगळे हसले. पोरगी खाली मान घालून बसली.

मी आभाराला उठले. रीतीप्रमाणे मंडपवाल्यापासून सुरुवात केली. मग सरांकडे वळले.

"सर, तो सिग्नल माझ्या कच्च्या सांध्याचा होता. सांधा पक्का केला की जातो. या पोरीला तो मिळत न्हाई, कारण तिचा हात चांगला हाय."

टाळ्या वाजल्या. आभार संपले की आमच्याकडे वाजतातच, कुणाला काय कळलं असेल देव जाणे. पण सरांचं तोंड असं काही उतरलं, की मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही आठवलं की बरं वाटतं.

चहाच्या वेळी पोरगी माझ्याजवळ आली. मला वाटलं, पाया पडायलीय.

"मॅडम, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

मी सांगितलं, तू लॅबमध्ये यायच्या आधीपासून. तिनं कप तसाच खाली ठेवला. पूर्णा स्टेशनला जाणाऱ्या कारमध्ये सर पुढं बसले, ती मागं. तिच्या थिसिसवर अजून त्यांचीच सही व्हायची होती.