साखर वाढली की उतरली?

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. स्वादुपिंडाची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढायचो. तरी माझ्याच साखरेनं मला गंडवलं.

अकलूजला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. बायकोची पाठ वळली की एक, अशा पाच जिलब्या मी हाणल्या. बायको माहेरीच थांबली, मी एकटा जुळे सोलापुरातल्या घरी परतलो. सकाळी मन खायला लागलं, म्हणून प्रायश्चित्त ठरवलं. इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं, नाश्ता मात्र टाळला. वर कारल्याचा रस. केवढी ही अक्कल!

अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. म्हटलं, झालं, जिलब्या अंगावर आल्या, साखर वाढली! ती जिरवायला घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू केल्या.

तेवढ्यात कुंभारीहून भाकऱ्या करायला येणाऱ्या मावशी आल्या. दारातच थबकल्या.

“सर, शर्ट उलटा घातलाय की! सकाळपासून काय खाल्लंय?”

“काही नाही. साखर वाढलीये माझी.”

“वाढली न्हाय, उतरलीया. बसा हितं.”

“मावशी, मी विज्ञानाचा...”

“व्हय, ठाव हाय. बसा आदी!”

पाण्यात तीन चमचे साखर ढवळून त्यांनी पेला माझ्या तोंडाला लावला. मग माझं बोट पुसून, टोचून, यंत्रावर आकडा बघितला. बावन्न. निदान सत्तर तरी हवी.

त्यांचा नवरा बारा वर्षं इन्सुलिनवर आहे. पाठ्यपुस्तक घरातच.

“वाढली की तहान तहान हुती, सारखं लघवीला पळावं लागतं, माणूस पेंगतो. उतरली की घाम, थरथर, आन् असली बडबड. वाढलेली हळूहळू खाती, सर. उतरलेली घटकाभर बी थांबत न्हाय.”

इतकं लख्ख मला एकाही वर्गाला कधी सांगता आलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा बोट टोचलं. शहाण्णव. तेव्हा कुठे तव्यावर भाकरी पडली. ती मी खाऊन संपवेपर्यंत मावशी समोरच बसून होत्या. मधेच पुढच्या घरच्या बाईंचा फोन आला.

“उशीर हुईल वैनी. हितं सर पडलेत.”

“पडलो नाही, बसलोय,” मी घास गिळत म्हणालो.

“बसवलंय म्हणून बसलाय,” मावशी म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी ताटात टाकली.