राणीसाठी शिरा

मोठ्या बाईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सौंसरला आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, पण त्यांची खुर्ची छत्री टांगण्यापुरती. चहासुद्धा अंगणात फेऱ्या मारत, बशीतून भुरके घेत प्यायच्या. "बसा न बाई," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसली की गंजते मी." शेजारी राहून आमच्याही पायांना स्वस्थता नव्हती.

गल्लीत कुत्री व्याली की बाईंच्या अंगात यायचं. थाळी घेऊन दारोदार निघायच्या. कुठे कणीक, कुठे गूळ, कुठे पळीभर तेल. मग अंगणातल्या चुलीवर शिरा. कोणी नाक मुरडलं तर थाळी आणखी पुढे करायच्या, "बाळंतीण आहे ते. उपाशी ठेवता का तिले?" यापुढे नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्यांची स्वतःची कुत्री राणी. तिची पिल्लं बाई चांगलं घर पाहून द्यायच्या आणि नंतर व्याह्यांकडे जावं तशी चौकशीला जायच्या. एका उन्हाळ्यात गल्लीत विषाचे गोळे पडले. कोणी टाकले ते कधीच कळलं नाही. कुत्री फार झाली होती आणि लोक चिडले होते, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. राणी घरात होती म्हणून वाचली. तिची पिल्लं ज्याच्या त्याच्या ओट्याखाली मरून पडली. बाई ओकारी काढायला मिठाचं पाणी घेऊन या दारातून त्या दारात धावल्या. एकही हाती लागलं नाही.

तेव्हापासून बाईंनी एकच धोशा लावला. ज्याच्या घरी कुत्रं, त्यानं पिल्लं होऊ नयेत म्हणून त्याचं ऑपरेशन केलंच पाहिजे. नगरपालिकेनं सक्तीच करावी. बाळंतपणं करणारी बाई हे म्हणते म्हणून गल्ली चक्रावली. माझे वडील, बाबूजी, संत्र्याचे व्यापारी. ते ओट्यावर बसून आणि बाई समोर येरझाऱ्या घालत, असा रोजचा वाद.

"सक्तीचं नाव कायले काढता बाई? आणीबाणीत नसबंदीले माणसं आणा म्हणून सरकारी लोक तुमच्याच मागे लागले होते न? तुम्ही त कडी लावून घेतली होती."

"माणूस कडी लावते भाऊ. पिल्लानं कुठं लावाव? इष घालतानी त्यायले कोणं विचारलं?"

"मंग पहिले राणीचं करा. का दुसऱ्याच्याच कुत्रीवर सुरी?"

बाईंची येरझार थांबली. घरात राणीशिवाय त्यांना दुसरं कोणी नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बैलांवर बसलेला. ते म्हणाले, नागपूरला न्या. बसचा कंडक्टर कुत्री घेईना. शेवटी बाबूजींनीच संत्र्याच्या ट्रकमध्ये जागा करून दिली. "माझं म्हणणं बदललं नाही," ते म्हणाले. "माझंबी नाही," म्हणत बाई राणीला पोटाशी धरून वर चढल्या.

परत आली तेव्हा राणीच्या पोटाला पट्टी होती. खाईना, पिईना, डोळे उघडेना. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. बसल्या त्या उठेचनात. आम्हाला राणीपेक्षा बाईंचंच भय वाटायला लागलं.

"मी चुकली का भाऊ?" त्यांनी विचारलं.

बाबूजींनी अंगणात दोन-चार फेऱ्या मारल्या, बाईंची थाळी उचलली आणि बाहेर पडले. ऑपरेशनवरून रोज भांडणारा माझा बाप पहिल्याच दारात थाळी पुढे करून उभा राहिला, "बाळंतीण आहे ते. उपाशी ठेवता का तिले?" त्या दिवशी शिरा बाबूजींनी केला, खाली करपवून केला. राणीनं त्यांच्या बोटावरून थोडा चाटला, तेव्हा कुठे बाई उठल्या.

सक्ती काही झाली नाही. वादही मिटला नाही. काही वर्षांनी बाई गेल्या आणि म्हातारी राणी आमच्याकडे आली. बाबूजी बशी हातात धरून अंगणात फेऱ्या घालू लागले, राणी त्यांच्या मागे मागे.

"बसा न जरासे," आई म्हणायची.

"बसून भांडू कोणाशी?"