तिचा वाजवी पगार

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. नव्वदच्या दशकात संगमनेरच्या एका डेअरीत दुधाचं फॅट तपासायला मी आणि अकोले तालुक्यातली एक मुलगी बरोबरच लागलो. काम सारखंच, पगार मात्र मला चारशेने जास्त. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

एकदा वाढ मागायला साहेबांकडे निघालेली ती माझ्यापाशी थांबली. "खरं सांग, तुला किती देतात रे?"

लाजेने मी तिच्याच पगाराचा आकडा सांगितला.

"मग वाजवीच आहे की! उगाच भांडायला निघाले होते." ती परत फिरली, डबा उघडला आणि घरच्या तांदळाचा भात मलाही वाढला. "तोंड का पाडलंस? जेव गुपचूप."

मी जेवलो. वाढ तिने पुन्हा कधी मागितली नाही. तिला खरा आकडा सांगून माफी मागणं माझ्याकडून अजून राहिलंय.