कौसानं निवडलेलं पिस्तूल

फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसलो होतो. नगरच्या दवाखान्यात बसून बसून कंबर धरली, म्हणून सुनेला माझ्या बायकोपाशी ठेवून दुपारच्या एसटीनं घरी आलो होतो. संध्याकाळची धार निम्मी झाली आणि खिशात फोन वाजला. सून नुसती रडत होती. मी समजलो. फोन खिशात घातला आणि राहिलेली धार काढली. लोक म्हणतील काय माणूस आहे हा… पण म्हैस निम्मी सोडली तर तिचं दुखतं, आणि ते कौसाला कधी खपलं नसतं.

कौसल्या तिचं नाव, मी कौसा म्हणायचो. सोनईजवळ आमचं शेत आहे. तिथं तिनं जन्मभर खुरपलं, पोरं वाढवली, म्हशी सांभाळल्या. तिच्याबद्दल लिहायचं तर असं लिहावं लागेल की जगातल्या कुठल्याही गोष्टीला भ्यायची नाही. उसातून बिबट्या निघाला तेव्हा मी पत्र्याच्या खोलीत कडी लावून बसलो होतो, ही बाहेर उभी राहून पातेलं बडवत होती. नंतर महिनाभर मला विचारायची, "कडी नीट लागती का हो आतून?"

आमच्या थोरल्याची पोरगी शीतल. पोलीस भरतीत लागली, गावात पेढे वाटले. पण पोरगी गप्प गप्प. शेवटी आजीजवळ बोलली. कॉलेजात असताना एकदा कॅम्पात बंदूक चालवायला दिली होती, तर डोळे गच्च मिटले, गोळी कुठं गेली कुणाला कळलं नाही, आणि सगळी पोरं हसली. आता ट्रेनिंगला गेल्यावर फायरिंग असणार, तिथं हेच होणार, त्यापेक्षा जातच नाही म्हणत होती. एवढी धावली, एवढा गोळा फेकला, आणि अडली कशावर तर आवाजावर.

कौसानं दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाली, "आवाजाला न्हाई भ्येत ती. वस्तूला भ्येती. वस्तू घरात आनली की भ्या जाईल."

परवाना न लागणारं छर्ऱ्याचं पिस्तूल मिळतं, हे शीतलनंच मोबाईलवर दाखवलं होतं. आम्ही तिघं पुण्याला गेलो. मी साखर कारखान्याच्या गेटवर बारा बोरची बंदूक खांद्याला लावून नोकरी केलेली, त्यामुळे हत्यारातलं मला कळतं असा माझा समज. खरं सांगायचं तर त्या बंदुकीतून मी एक गोळी झाडली नाही. पण दुकानात मी पुढं झालो आणि लांब नळीचं, चकचकीत एक उचललं. कौसानं ते माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं. "लग्नात मिरवायचंय का?"

दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं लाकडी मुठीचं एक दाखवलं. म्हणाला, नेम शिकायला हे बरं, हलकं आहे, स्पर्धेतली पोरं अशीच वापरतात. मग काळं, लोखंडी एक दाखवलं. ते दिसायला थेट पोलिसाच्या कमरेचं. मुठीत गॅसची नळी बसते, चाप ओढला की वरचा भाग खाडकन मागं येतो आणि हाताला धक्का बसतो. तो म्हणाला, नेम याचा तेवढा बारीक नाही, पण खऱ्याची सवय करायची असेल तर हे घ्या.

कौसानं ते हातात घेतलं आणि डोळे मिटले. बाजारात खुरपं घेताना ती हेच करायची. खुरपं डोळ्यांनी बघायचीच नाही, मूठ आवळून उभी राहायची आणि हाताला पटलं तरच घ्यायची. तशीच उभी राहिली दुकानात, नऊवारी नेसून, हातात पिस्तूल धरून. गिऱ्हाईकं बघायला लागली. डोळे उघडून म्हणाली, "हेच द्या."

घरी आल्यावर कळलं काय झालंय ते. मूठ कौसाच्या हाताला बसली होती. तिचा हात माझ्यापेक्षा रुंद. पोरीचा हात पेन धरणारा, बोट चापापर्यंत नीट पोचेना. ओढायला गेली की मनगट वाकडं व्हायचं आणि छर्रा डावीकडं. मला हसू आवरेना. म्हणालो, परत करून लाकडी आणू. कौसा जरा वरमली, पण तेवढंच. म्हणाली, "तिथं सरकार काय हिच्या मापाचं देनार हाय का? पिस्तूल हेच ऱ्हानार. हात वाढवायचा."

आणि हात वाढवायला तिनं पोरीला म्हशीखाली बसवलं. सकाळ-संध्याकाळ धार, तीसुद्धा अंगठा आत न घेता, पुरी मूठ आवळून. पहिले दिवस म्हैस लाथा मारायची आणि पोरगी रडायची. धार झाली की पिस्तूल. गोठ्यामागच्या भिंतीला भुश्शाची पोती लावली होती, त्यावर जुन्या लग्नपत्रिका उलट्या टाचायच्या, मागच्या कोऱ्या बाजूला बांगडी ठेवून गोल काढायचा. किती नवरा-नवरींना आम्ही भोकं पाडून सोडलं.

पोरीचे डोळे मात्र मिटायचेच. मग कौसानं गॅस आपल्या हातानं भरायला सुरुवात केली. कधी भरायची, कधी नाही, आणि सांगायची नाही. पोरीनं चाप ओढला, आत गॅस नव्हता, टक् झालं नुसतं, तरी हात खाली गेला आणि डोळे मिटले. कौसा म्हणाली, "बघ, वाजलंच न्हाई. तरी तू दचकली."

त्या दिवसापासून काहीतरी हललं. एकदम नाही. पण ट्रेनिंगला जायच्या आठवड्यात पत्रिकेवरचा गोल मधोमध फाटला होता.

पोरगी गेली आणि दोन महिन्यांत कौसाच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिचा एकच घोर. मला जवळ बोलावून म्हणाली, "शितीचं फायरिंग हाय म्होरच्या पंध्रवड्यात. तिला कळवू नका. हात हालंल तिचा."

मी नाही कळवलं. शेवटचं कळवावंच लागलं. पोरगी आली, माती झाली, दहाव्याला प्रवरेवर कावळा लगेच शिवला. वाट बघायला लावायची कौसाची सवयच नव्हती. मी शीतलला म्हणालो, पिशवी भर. भावकी उठली. नातीनं तेराव्यापर्यंत थांबायला नको का, लोक काय म्हणतील. शीतलसुद्धा म्हणाली, "आबा, मी न्हाई जात. माझ्यानं न्हाई व्हायचं आता."

मी म्हणालो, "तेराव्याचं जेवान कुनीबी खाईल. फायरिंग तुलाच करायचंय."

त्याच दिवशी तिला गाडीत बसवून दिलं. तेराव्याला पंगत उठेपर्यंत मनात एकच, ही मागं फिरली तर कौसाला काय सांगू… ती कुठं विचारायला येणार होती म्हणा.

पुढच्या आठवड्यात पोरीचा फोन आला. मी विचारलं, गोळ्या लागल्या का. म्हणाली, "सगळ्या न्हाई लागल्या, आबा. पास झाले." मग म्हणाली, "पन डोळं उघडं हुतं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

एक सांगायचं राहिलं. पोरीनं नेम धरायच्या आधी कौसा गोठ्यामागं जाऊन कुत्र्याला बांधून यायची, कोंबड्या हाकलायची आणि "कोन न्हाई ना तिकडं?" म्हणून मोठ्यानं विचारायची. तिकडं कधी कुणी नसायचं, तरी विचारायची. आता पिस्तूल फडक्यात गुंडाळून कपाटात आहे, मला त्यात गॅसही भरता येत नाही. पण ऊन कललं की मी कुत्र्याला बांधतो, कोंबड्या हाकलतो आणि भिंतीकडं तोंड करून विचारतो. मग थोडा वेळ थांबतो. नंतर कुत्र्याला सोडतो आणि धारेला बसतो.