बर्फाला घाम सुटेपर्यंत

आईची शुगर वाढली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा.

औषधं परदेशी पाठवणं हे माझं काम, अंधेरीच्या ऑफिसात बसून. इतकी वर्षं झाली, तरी नवल ओसरत नाही. इन्सुलिनची इवलीशी बाटली. तिला ऊन सोसत नाही, गोठणंही सोसत नाही. तरी ती विमानाने जाते, वाळवंटातल्या धावपट्टीवर ताटकळते, मग होडीने कुठल्याशा बेटावर पोचते. तिथली नर्स खोकं उघडते तेव्हा आत गारवा आमच्या गोदामातलाच! खोक्यात तापमान टिपणारं काडेपेटीएवढं यंत्र असतं. नर्सने पाठवलेली त्याची सरळ रेघ स्क्रीनवर दिसली की माझे हात अजूनही आपोआप जोडले जातात.

सगळी खुबी बर्फाच्या पिशव्यांत. फ्रीझरमधून काढून लगेच लावायच्या नाहीत. घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवायच्या, आत पाणी वाजलं की मगच लावायच्या. नाहीतर औषध गोठतं. वितळल्यावर दिसतं बरेचदा तसंच, पण कामातून गेलेलं असतं.

हे पाठ असून, एका मे महिन्यात आईचं इन्सुलिन मुलुंडला नेताना मी घाईत दगडासारख्या पिशव्या थेट बाटल्यांना चिकटवल्या. उन्हाची धास्ती, दुसरं काय.

शुगर उतरेना.

"आई, लाडू कुठे लपवलेस गं?" बहीण डबे उघडत म्हणाली.

"अगं, हात नाही लावला मी!"

"मग शुगर काय हवेतून येते?" हे मी म्हणालो.

शेवटी आईच हळूच म्हणाली, "खाल्ला असेन रे. हल्ली लक्षात राहत नाही."

पुढच्याच आठवड्यात एका खोक्याची रेघ शून्याखाली गेलेली आली. शेजारचा सहकारी म्हणाला, "वाट लागली यार. पिशव्या घाईत लावल्या कुणीतरी." मला मुलुंडला नेलेल्या त्या पिशव्या आठवल्या. संध्याकाळी मुलुंड गाठून आईच्या बाटल्या बदलल्या. "जुन्या झाल्या होत्या," एवढंच बोललो.

शुगर उतरली.

"बघ, लाडू सोडले ना मी," आई म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

आता ती कुलूप लावूनही शेजारणीला विचारते, "लावलं ना गं मी?"

तिने लाडू खाल्ले नव्हते, तिला सगळं नीट आठवत होतं. एवढं तिला सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.